फाटका की फाटलेला? : विशेषण झालेल्या इंग्रजी क्रियापदांविषयी

प्रस्तावना

सदरा फाटलेला असतो आणि सदरा फाटका असतो. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, पण मराठी माणूस ती एकाच अर्थानं म्हणत नाही. फाटलेला म्हटलं की काहीतरी घडलेलं असतं. सदरा खिळ्याला अडकला असेल, भांडणात ओढला गेला असेल, धुताना टरकला असेल. कधी फाटला, कसा फाटला, असं विचारायला जागा राहते. फाटका म्हटलं की ती चौकशी संपते. तो सदराच तसा आहे, आणि बहुधा तो घालणाऱ्याची परिस्थितीही तशीच आहे. मोडलेली खुर्ची काल संध्याकाळी मोडलेली असू शकते, मोडकी खुर्ची मात्र वर्षानुवर्षं माळ्यावर पडून असते. रडणारं मूल आत्ता रडतंय, उचलून घेतलं की थांबेल. रडकं मूल हसत असलं तरी रडकंच. हसणारी मुलगी आणि हसरी मुलगी, लाजणारा आणि लाजरा, बोलणारा पोपट आणि बोलके डोळे. एकाच धातूतून आपण दोन दोन शब्द काढून ठेवले आहेत, एक घडण्यासाठी आणि एक असण्यासाठी. हे कुणी शिकवावं लागत नाही. शाळेत न गेलेलं पोरही ‘फाटका’च्या जागी ‘फाटलेला’ म्हणताना सहसा सापडणार नाही.

इंग्रजीनं ही सोय फारशी ठेवलेली नाही. ‘ब्रोकन’ हा एकच शब्द मोडलेल्यालाही चालतो आणि मोडक्यालाही. ‘द विंडो वॉज ब्रोकन’ असं कुणी म्हणालं तर खिडकी कुणीतरी फोडली, की आपण पोचलो तेव्हा ती फुटकीच होती, हे त्या शब्दाकडे कितीही टक लावून पाहिलं तरी कळत नाही. रूप क्रियापदाचं आहे एवढंच दिसतं, काम कुणाचं चाललंय ते दिसत नाही. टायर्ड, बोअरिंग, मॅरीड, चार्मिंग, यूज्ड, रिटायर्ड, मिसिंग, इंटरेस्टेड. क्रियापदाच्या वेशात वावरणाऱ्या अशा विशेषणांची इंग्रजीत रीघ आहे, आणि हे पुस्तक त्यांच्याविषयी आहे. माझं म्हणणं इतकंच की यातला मूळ फरक मराठी वाचकाला नव्यानं शिकायचा नाही. तो त्याच्या कानात बसलेला आहे. इंग्रजी शब्द समोर आला की ‘हा फाटका की फाटलेला?’ असं विचारायची सवय तेवढी लावून घ्यायची आहे. आपल्या वर्गांतून ती लागत नाही. तिथे ‘गो, वेंट, गॉन’ घोकून घेतात, तीन रूपांचा तक्ता पाठ करवतात, आणि ते तिसरं रूप वाक्यात शिरल्यावर क्रियापद राहतं की नाही हा प्रश्न काळ आणि प्रयोग यांच्या गडबडीत राहून जातो.

नावांचा घोळ आधी संपवतो. इंग्रजीत ज्याला पार्टिसिपल म्हणतात त्याला मराठी व्याकरणात कृदंत किंवा धातुसाधित म्हणतात. ते विशेषणाचं काम करू लागलं की धातुसाधित विशेषण. वर्गात मुलं आणि मास्तर यांच्या तोंडी मात्र ‘तिसरं रूप’ आणि ‘आयएनजी लावलेलं रूप’ हेच शब्द असतात, आणि मला ते पसंत आहेत, कारण त्यांत अर्थाबद्दल कुठलंही खोटं आश्वासन नाही. ‘प्रेझेंट’ आणि ‘पास्ट’ पार्टिसिपल ही जुनी नावं फसवी आहेत. ‘बोअर्ड’ माणूस भूतकाळात कंटाळलेला नसतो, तो आत्ता जांभया देत असतो.

शब्दांच्या जाती पाडण्याचा उद्योग युरोपात ज्या ग्रीक व्याकरणापासून सुरू झाला असं मानतात, त्या डायोनिसियस थ्रॅक्सच्या यादीत आठ जाती आहेत. गंमत म्हणजे त्यांत पार्टिसिपलला स्वतंत्र जागा आहे आणि विशेषणाला नाही. विशेषण नामाच्याच पोटात धरलेलं होतं. पार्टिसिपलला नामासारखी विभक्ती आणि क्रियापदासारखा काळ, दोन्ही असल्यामुळे त्याला धड इकडे ठेवता येईना की तिकडे. अठराव्या शतकातल्या इंग्रजी व्याकरणांत, म्हणजे १७६२च्या लोथच्या आणि १७९५च्या लिंडली मरेच्या व्याकरणांत, हे उलटलं. विशेषणाला वेगळी जात मिळाली आणि पार्टिसिपल क्रियापदाखाली गेलं. आपण आज शाळेत जी वाटणी शिकतो ती या घराण्यातली आहे. वाटणी बदलली तरी अडचण होती तिथेच राहिली.

आता त्या चुकीकडे येतो, जिच्यामुळे असल्या पुस्तकाची गरज पडते. ‘आय ॲम इंटरेस्टिंग इन धिस पोस्ट’ असं नोकरीच्या अर्जात लिहिणारा उमेदवार स्वतःची स्तुती करत नसतो. ‘सर, आय ॲम बोअरिंग’ म्हणणारा विद्यार्थी आत्मपरीक्षण करत नसतो. हे हसण्यावारी नेणं सोपं आहे, पण चुकीचं मूळ मराठीच्या घडणीत आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

मराठीत भावना माणसाकडे चालत येतात. मला कंटाळा येतो, मला आश्चर्य वाटतं, मला राग येतो, मला त्यात रस आहे. माणूस चतुर्थीत आणि भावना प्रथमेत. कंटाळा आणणारी गोष्ट वाक्यात असली काय, नसली काय, वाक्य अडत नाही. इंग्रजीचा खाक्या वेगळा आहे. तिथे व्याख्यान कर्ता होतं आणि ते मला काहीतरी करतं: ‘द लेक्चर बोअर्स मी’. व्याख्यान करणारं, मी सोसणारा. सरप्राइज, शॉक, कन्फ्यूज, डिसअपॉइंट, एक्साइट, टायर, ॲम्यूज, वरी, फॅसिनेट या सगळ्या क्रियापदांची रचना हीच. एकदा हे ध्यानात आलं की पुढचं आपोआप होतं. आयएनजी करणाऱ्याला लागतं, तिसरं रूप सोसणाऱ्याला. व्याख्यान बोअरिंग, श्रोते बोअर्ड. निकाल डिसअपॉइंटिंग, पालक डिसअपॉइंटेड. प्रवास टायरिंग, प्रवासी टायर्ड. आपल्याकडेही ‘कंटाळवाणं व्याख्यान’ आणि ‘कंटाळलेले श्रोते’ अशी वाटणी आहेच, आणि तिथे कुणी चुकत नाही. चूक होते ती ‘मला कंटाळा आला’पासून निघून थेट इंग्रजीत उडी मारताना. ‘मला’चं ‘आय’ होतं, ‘कंटाळा’चं ‘बोअर’ होतं, आणि त्याला कुठलं शेपूट लावायचं याचा काहीच इशारा मूळ वाक्यात नसतो. मग जे शेपूट आधी हाताला लागेल ते लागतं.

मराठीनं यावर आपल्या परीनं तोडगा काढला आहे. ‘मला जाम बोअर झालं’ असं आपण म्हणतो. ‘तो फार बोअर आहे’ असंही म्हणतो, आणि ‘बोअर मारू नकोस’ असंही. इंग्रजीची दोन्ही शेपटं कापून टाकली, उरलेला तुकडा घेतला आणि चतुर्थी शाबूत ठेवली. भाषाशुद्धीवाल्यांना यात भ्रष्टता दिसेल. मला यात मराठीचा ठाम स्वभाव दिसतो. शब्द परका चालतो, वाक्याची रचना परकी चालत नाही.

एखादा शब्द विशेषण झाला आहे की अजून क्रियापदच आहे, हे ओळखायच्या कसोट्या सगळीकडे सापडतात. पहिली कसोटी ‘व्हेरी’ची. विशेषणाच्या आधी ‘व्हेरी’ बसतं, क्रियापदाच्या आधी नाही. ‘व्हेरी इंटरेस्टेड’ चालतं. चोराला पकडलं तर ‘व्हेरी अरेस्टेड’ म्हणत नाहीत. ‘अ व्हेरी मूव्हिंग स्पीच’ म्हणजे हृदयाला हात घालणारं भाषण, पण चालत्या बसला ‘व्हेरी मूव्हिंग बस’ म्हटलं तर प्रवासी रडायला लागतील. दुसरी कसोटी ‘सीम’ची: ‘ही सीम्ड वरीड’ ठीक, ‘ही सीम्ड अरेस्टेड’ कानाला खटकतं. तिसरी कर्माची. ‘ही इज बोअरिंग’मधलं ‘बोअरिंग’ विशेषण आहे, पण त्यापुढे ‘मी’ आलं, ‘ही इज बोअरिंग मी’ झालं, की ते पुन्हा क्रियापद. कर्म घेतं ते क्रियापद, एवढं धरून चालावं.

चौथी कसोटी मला सगळ्यांत आवडते. ‘अनओपन्ड लेटर’ म्हणजे न उघडलेलं पत्र. पण इंग्रजीत ‘अनओपन’ करणं अशी क्रियाच नाही. पत्र कुणी ‘अनओपन’ करत नाही. म्हणजे ‘अन’ लागायच्या आधीच ‘ओपन्ड’ हे विशेषण झालेलं असणार, नाहीतर ते लागलंच नसतं. अनटच्ड, अनइन्व्हायटेड, अनमॅरीड, अनएक्स्पेक्टेड, सगळ्यांची तीच कथा. मात्र ‘अनलॉक्ड’पाशी सावध राहावं, कारण कुलूप काढणं या अर्थी ‘अनलॉक’ ही क्रिया खरोखर आहे. ‘द डोअर वॉज अनलॉक्ड’ म्हणजे दाराला कुलूप नव्हतं, किंवा कुणीतरी येऊन ते काढलं. एक विशेषण आहे, दुसरं क्रियापद, आणि वाक्य अक्षरशः एकच.

या कसोट्या सगळ्या शब्दांवर सारख्या चालत नाहीत, हे लपवण्यात अर्थ नाही. ‘मॅरीड’ पक्कं विशेषण आहे, तरी ‘व्हेरी मॅरीड’ थट्टेतच म्हणतात. लग्न झालेलं असतं किंवा नसतं, फार झालेलं नसतं. शिवाय कुंपण हलत राहतं. फाउलरनं १९२६च्या आपल्या शब्दप्रयोगकोशात कुठल्या तिसऱ्या रूपाआधी ‘व्हेरी’ चालेल आणि कुठे ‘मच’च हवं यावर बरीच शाई खर्च केली आहे. आज ‘व्हेरी टायर्ड’ किंवा ‘व्हेरी प्लीज्ड’ लिहिताना इंग्रज संपादकाचा हात थबकत नाही. शब्द हळूहळू क्रियापदातून विशेषणात सरकतात, आणि कुठल्याही एका वर्षी पाहिलं तर काही अर्ध्या वाटेवर असतात. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांच्या १९८५च्या जाडजूड व्याकरणात म्हणूनच कर्मणी प्रयोगाची चढती-उतरती श्रेणी मांडली आहे. एका टोकाला अस्सल क्रिया, दुसऱ्या टोकाला अस्सल अवस्था, मध्ये मिश्र वस्ती. हडलस्टन आणि पुलम यांनी २००२ साली रेषा जास्त ठळक मारायचा प्रयत्न केला. माझा कल श्रेणीकडे आहे, कारण ‘आय वॉज व्हेरी सरप्राइज्ड बाय हिज आन्सर’ या वाक्यात ‘व्हेरी’ विशेषणाची साक्ष देतं आणि ‘बाय’ क्रियापदाची, आणि दोघंही खोटं बोलत नसतात.

‘बाय’चा विषय निघालाच आहे तर एक उपयोगी गोष्ट. विशेषण झालेली रूपं ‘बाय’ सोडून आपापली शब्दयोगी अव्ययं धरतात: इंटरेस्टेड इन, टायर्ड ऑफ, वरीड अबाउट, मॅरीड टु, कव्हर्ड विथ. ही जोडी शब्दाबरोबरच पाठ करावी, नियमात शोधू नये. आणि ‘यूज्ड टु’ तर खास. ‘आय यूज्ड टु गेट अप अर्ली’ म्हणजे पूर्वी मी लवकर उठायचो. ‘आय ॲम यूज्ड टु गेटिंग अप अर्ली’ म्हणजे मला लवकर उठायची सवय आहे. पहिल्यात ‘यूज्ड’ क्रियापद, दुसऱ्यात विशेषण. आणि ‘यूज्ड कार’ म्हणताना तोच शब्द ‘यूज्ड’ असा ‘झ’च्या उच्चारानं येतो, सवयीच्या अर्थी मात्र ‘यूस्ट’ असा ‘स’नं. लिहिताना एक, ऐकताना दोन.

मराठी माणूस आणखी एका ठिकाणी अडखळतो, आणि इथे दोष आपल्या श्रीमंतीचा आहे. आपलं ‘-लेला’ कुठल्याही धातूला लागतं. पडलेलं पान, आलेला पाहुणा, झोपलेलं मूल, जेवलेली माणसं. त्याला कर्तरी-कर्मणीचंही सोयरसुतक नाही. प्यायलेलं पाणी म्हणजे कुणीतरी प्यायलेलं, आणि प्यायलेला माणूस म्हणजे, असो. शिकलेला धडा आणि शिकलेली बाई यांत ‘शिकलेला’ उलट्या दिशांना पाहतो, तरी आपण गोंधळत नाही. या सवयीनं इंग्रजीत गेलं की ‘स्लेप्ट चाइल्ड’ आणि ‘कम गेस्ट’ तयार होतात. इंग्रजीत सकर्मक क्रियापदाचं तिसरं रूप नामाआधी सहज बसतं, अकर्मकाचं मात्र निवडकच. फॉलन लीव्ह्ज चालतं, एस्केप्ड प्रिझनर, रिटायर्ड जज, फेडेड जीन्स, व्हॅनिश्ड सिव्हिलायझेशन चालतं. स्लेप्ट, लाफ्ड, स्विम्ड चालत नाहीत, आणि शेवटचं तर रूपच चुकीचं आहे. फरक असा की पडणं, निसटणं, निवृत्त होणं, विटणं यांत काहीतरी कायमचं बदलतं आणि मागे अवस्था उरते. झोपणं, हसणं, पोहणं संपलं की संपलं, मागे शिक्का राहत नाही. अपवाद आहेतच. ‘अराइव्ह’मध्येही बदल आहे, तरी नुसतं ‘अराइव्ड गेस्ट’ चालत नाही, ‘न्यूली अराइव्ड गेस्ट’ मात्र चालतं.

संस्कृतला हे प्रश्न ओळखीचे होते. पाणिनीनं ‘क्त’ आणि ‘क्तवतु’ या प्रत्ययांना ‘निष्ठा’ ही संज्ञा दिली. क्त एरवी कर्माकडे पाहतो, पण गत्यर्थक आणि अकर्मक धातूंना तो कर्तरी अर्थानंही लागतो, असं स्वतंत्र सूत्र तिसऱ्या अध्यायात करून ठेवलं. ‘फॉलन लीव्ह्ज’ आणि ‘रिटायर्ड जज’ यांचा तिढा इंग्रज व्याकरणकारांना पडण्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधी तो दुसऱ्या एका भाषेसाठी सुटलेला होता. आणि ही नुसती समांतर गोष्ट नाही. क्त प्रत्ययातला ‘त’, लॅटिनमधल्या तशाच रूपांतला ‘त’ आणि इंग्रजी तिसऱ्या रूपातला ‘ड’ किंवा ‘ट’ यांचा वंश एकच आहे, हे तुलनात्मक भाषाशास्त्रानं दाखवून दिलेलं आहे. शांत, तृप्त, मृत, शुद्ध, प्रसिद्ध हे सगळे क्तप्रत्ययान्त शब्द मराठीत आज निव्वळ विशेषणं आहेत. ‘शांत मुलगा’ म्हणताना शम् धातूची आठवण कुणाला होते? इंग्रजीतले ‘ओल्ड’ आणि ‘कोल्ड’ असेच झिजून गुळगुळीत झालेले. फार जुन्या काळी तेही धातुसाधितच होते, ‘ओल्ड’ म्हणजे मुळात ‘वाढलेला’. ‘कनिंग’ हे तर ‘जाणणं’ या अर्थाच्या, आता ‘कॅन’ म्हणून उरलेल्या क्रियापदाचं आयएनजी-रूप, आणि ‘अनकूथ’मध्ये त्याच क्रियापदाचं तिसरं रूप अडकून बसलं आहे. आज दोन्ही शब्दांत क्रियेचा मागमूस नाही.

वेश क्रियापदाचा आणि जन्म मात्र नामाच्या घरचा, अशीही मंडळी आहेत. ‘थ्री-लेग्ड स्टूल’ म्हणजे तीन पायांचं स्टूल. त्याला कुणी ‘लेग’ केलेलं नसतं. बिअर्डेड, ब्लू-आइड, टॅलेंटेड, मनीड. हे ‘-एड’ क्रियापदाच्या ‘-एड’सारखं दिसत असलं तरी जुन्या इंग्रजीत तो वेगळा प्रत्यय होता, पुढे दोघांचे उच्चार एक झाले. डॉ. सॅम्युएल जॉन्सनला या मंडळींचा भारी राग. ‘लाइव्ह्ज ऑफ द पोएट्स’ या १७७९ ते १७८१ दरम्यान निघालेल्या ग्रंथात, टॉमस ग्रेच्या चरित्रात, नामांना पार्टिसिपलचं शेपूट लावायची नवी खोड आली आहे असं तो म्हणतो, आणि ग्रेसारख्या विद्वानानं वसंताला ‘हनीड’ म्हणावं याचं त्याला वाईट वाटतं. रागाच्या भरात जॉन्सन एक विसरला. हा शब्द शेक्सपिअरनं वापरला होता आणि मिल्टननंही. ज्यानं इंग्रजीचा शब्दकोश केला त्याच्याकडून हे निसटावं, ही मला त्याच्याबद्दलची सगळ्यांत लोभस गोष्ट वाटते. पुढे १८३२ साली कोलरिज गप्पांच्या ओघात ‘टॅलेंटेड’वर असाच घसरला. मग शिलिंग आणि फार्दिंग यांनाही हे शेपूट का लावत नाही, असा त्याचा सवाल होता. सवाल तर्काला धरून होता, पण भाषा तर्काला धरून चालली नाही. आज मराठी वर्तमानपत्राच्या मनोरंजन पुरवणीतसुद्धा ‘टॅलेंटेड अभिनेत्री’ आढळते.

जुन्या, बाजूला पडलेल्या रूपांबद्दल थोडक्यातच. काही क्रियापदांची दोन तिसरी रूपं शिल्लक आहेत आणि त्यांतलं जुनं रूप विशेषण म्हणून राहिलं आहे. हे इंग्रजीचे खरे ‘फाटके’. माणूस ‘ड्रंक’ असतो, पण नामाआधी ‘ड्रंकन’ येतो. जहाज ‘संक’ होतं, गाल मात्र ‘संकन’. लोणी ‘मेल्टेड’, लाव्हा ‘मोल्टन’. लोण्याला ‘मोल्टन’ म्हटलं तर भट्टी पेटवावी लागेल. काही ठिकाणी फरक फक्त उच्चारात उरला आहे. क्रियापद म्हणून ‘लर्न्ड’, पण न्यायालयात वकील समोरच्या वकिलाला ‘माय लर्निड फ्रेंड’ म्हणतो. ‘एज्ड सिक्स्टी’, पण वृद्धांसाठी ‘द एजिड’. ‘ब्लेस्ट’ आणि ‘ब्लेसिड’ही तसेच.

आयएनजीची भानगड वेगळ्या इतिहासातून आली. जुन्या इंग्रजीत ‘करणारा’ या अर्थाचं रूप ‘-एंडे’नं संपायचं आणि ‘करणं’ या अर्थाचं भाववाचक नाम ‘-उंग’ किंवा ‘-इंग’नं. मध्ययुगात दोन्ही ‘-इंग’मध्ये मिसळली. तेव्हापासून ‘एंटरटेनिंग गेस्ट्स कॅन बी टायरिंग’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. पाहुण्यांची सरबराई करणं दमवणारं असतं, किंवा गमत्या पाहुण्यांचाही शीण येतो. मराठी घरात दोन्ही खरं असल्यामुळे संदर्भाचीही मदत होत नाही. नामाआधी आलेल्या आयएनजीचं तसंच. ‘स्लीपिंग बेबी’मध्ये बाळ झोपतं, ‘स्लीपिंग पिल’मध्ये गोळी झोपत नाही. बोलताना हे आघातावरून कळतं. बाळाच्या बाबतीत जोर ‘बेबी’वर, गोळीच्या बाबतीत ‘स्लीपिंग’वर. वॉकिंग स्टिक, स्विमिंग पूल, डायनिंग टेबल ही गोळीच्या जातीची. आपली रेल्वे तर याची चालतीबोलती शाळा आहे. वेटिंग रूम कुणाची वाट पाहत नाही. रनिंग रूम धावत नाही, तिथे कुणी धावतही नाही, तिथे गाडी चालवणारे कर्मचारी विश्रांती घेतात. आणि रिटायरिंग रूममध्ये निवृत्त होण्याची गरज नसते. तोच ‘रिटायरिंग’ शब्द निरोपसमारंभाच्या निमंत्रणात ‘रिटायरिंग प्रिन्सिपल’ म्हणून येतो तेव्हा ते या महिनाअखेर सेवानिवृत्त होणारे मुख्याध्यापक असतात, आणि इंग्रजी कादंबरीत ‘अ रिटायरिंग मॅन’ म्हणून येतो तेव्हा तो चारचौघांत न मिसळणारा, मागे मागे राहणारा बुजरा गृहस्थ असतो. पहिलं नाम, दुसरं क्रियापद, तिसरं अस्सल विशेषण. ‘व्हेरी’ लावून पाहा, फक्त तिसऱ्यालाच लागेल. ट्राइंग, फॉरबिडिंग, स्ट्राइकिंग, प्रॉमिसिंग, बिकमिंग यांच्याकडेही याच नजरेनं पाहावं. मूळ क्रियापदावरून अर्थ लावायला गेलं तर हे शब्द हमखास दगा देतात. ‘अ ट्राइंग डे’ म्हणजे प्रयत्न करणारा दिवस नव्हे, जीव मेटाकुटीला आणणारा दिवस.

शेवटी कार्यालयं आणि कचेऱ्या, कारण बहुतेक वाचकांची इंग्रजीशी रोजची गाठ तिथेच पडते. ‘इंटरेस्टेड’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक रस असलेला, आणि दुसरा ज्याचा हितसंबंध गुंतला आहे असा. आपल्या न्यायालयांत ‘इंटरेस्टेड विटनेस’ म्हणजे उत्सुक साक्षीदार नव्हे, निकालात ज्याचं हित अडकलं आहे असा साक्षीदार. त्याच्या उलट ‘डिसइंटरेस्टेड’, म्हणजे निःपक्षपाती. ज्याला नुसता रस नाही तो ‘अनइंटरेस्टेड’. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड असावा, अनइंटरेस्टेड असला तर पंचाईत. दुसरा शब्द ‘कन्सर्न्ड’. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत हा शब्द नामाआधी आला की विशेषण होतो आणि त्याचा अर्थ ‘काळजीत पडलेला’: ‘कन्सर्न्ड पेरेंट्स’ म्हणजे चिंताग्रस्त पालक. नामामागे आला की क्रियापदाच्या जवळ राहतो आणि अर्थ ‘संबंधित’: ‘द पेरेंट्स कन्सर्न्ड’. ‘इन्व्हॉल्व्ड’चंही असंच, आधी आला तर ‘गुंतागुंतीचा’, मागे आला तर ‘त्यात असलेला’. आपल्याकडच्या सरकारी पत्रव्यवहारात ‘संबंधित अधिकारी’ या शब्दक्रमावरून ‘द कन्सर्न्ड ऑफिसर’ आला आणि रुजला. काटेकोर वाचलं तर तो चिंतातुर अधिकारी ठरतो, आणि अर्ज घेऊन खेटे घालणाऱ्याला तसा अधिकारी भेटला तर बरंच म्हणायचं. भारतीय इंग्रजीत हा प्रयोग इतका रूढ आहे की त्याला चूक म्हणत बसणं मला पटत नाही. भारतातल्या भारतात तो सगळ्यांना कळतो. परदेशी विद्यापीठाला किंवा कंपनीला पत्र लिहिताना मात्र ‘कन्सर्न्ड’ उचलून ‘ऑफिसर’च्या मागे ठेवावा.